घरी केलेलं चांदीचं पाणी: खारपाणपट्ट्यातलं एक प्रकरण

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातलं गाव. कपाशी आणि तुरीवर चालणारं घर. कर्ते ५८ वर्षांचे, त्यांना बऱ्याच वर्षांपासून शुगर. पत्नीला थायरॉइडची गोळी चालू. थोरला मुलगा मोबाइल दुरुस्ती आणि मोटार वाइंडिंग करतो. धाकट्याची चार वर्षांची मुलगी सर्दी-खोकल्यानं सारखी बेजार. पोळ्याच्या सुमारास वडिलांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, फुटला आणि जखम झाली. तेवढ्यात थोरल्याच्या पाहण्यात एक व्हिडिओ आला: चांदीचे दोन तुकडे, पाणी आणि बॅटरी, वीस मिनिटांत ‘कोलायडल सिल्व्हर’, म्हणजे चांदीचे अतिबारीक कण तरंगत असलेलं पाणी, तयार, कुठलाही जंतू मरतो. सामान घरातच होतं. पुढचे सात आठवडे ते पाणी जखमेवर ओतलं गेलं; वडील आणि आई ते रोज अर्धा ग्लास, म्हणजे सुमारे १५० मिली पीत होते आणि मुलीला दोन चमचे मिळत होते.

या प्रकरणात लबाडी कुणाचीच नाही. मुलगा हाताचा कसबी, घरची माणसं काळजीवाहू. चूक झाली ती भांड्यात काय तयार होतंय हे डोळ्यांनी ठरवण्यात.

मांडणी काय होती

वीज घेतली होती फवारणी पंपातल्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून. हंगाम फवारणीचा, त्यामुळे बॅटरी सकाळी पंपात आणि संध्याकाळी या कामाला. तारांचे चिमटेही तेच, शेडमध्ये औषधाच्या डब्यांशेजारी लटकणारे. इतर काही बोलण्याआधी हे सांगायला हवं: फवारणी पंपाची कुठलीही वस्तू खाण्यापिण्याच्या भांड्याजवळ येता कामा नये. कीटकनाशकाचा अंश चिमट्याच्या दातांत, बॅटरीच्या खोक्यावर, वायरच्या रबरावर राहतोच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर हे वेगळं समजावायची गरज पडू नये.

चांदी म्हणजे आजीच्या मोडक्या तोरड्यांचे दोन तुकडे. पाणी आरओ प्लांटच्या कॅनचं, कारण गावातलं बोअर खारं. भांडं आधी काचेचा ग्लास होतं. घरभर पुरेना म्हणून मग लिटरभराचा स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं. दोन तुकड्यांत अंतर सुमारे दोन सेंटिमीटर.

पहिल्या दिवशी नुसत्या कॅनच्या पाण्यात वीस मिनिटांत फारसं काही दिसलं नाही. व्हिडिओतल्या सूचनेप्रमाणे मग मीठ टाकलं, चिमूटभर, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम. दोन मिनिटांत धन बाजूच्या तुकड्याभोवती पांढरे धागे सुटू लागले आणि थोड्या वेळानं सगळं पाणी गढुळलं. “दुधावानी झालं म्हंजे चांदी उतरली पान्यात,” असा घरात निर्वाळा झाला. तेव्हापासून मीठ हा कृतीचा भागच बनला.

भांड्यातले रंग वाचायचे कसे

त्या गंजात एका वेळी निदान चार वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या आणि प्रत्येकीची खूण वेगळी होती.

पांढरा गढूळपणा सिल्व्हर क्लोराइडचा. धन टोकाला चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सुटे अणू, पाण्यात सुटतात. पाण्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) असलं की ते लगेच त्याला धरतात आणि न विरघळणारा पांढरा चुरा बनतो. त्यासाठी मिठाची चिमूटसुद्धा लागत नाही. लिटरला ३० मिलिग्रॅम क्लोराइड, जे कॅनच्या पाण्यात सहज असतं, तेवढंच सुमारे ९० मिलिग्रॅम चांदीला बांधायला पुरतं. पांढरेपणा म्हणजे चांदी पाण्यात उतरल्याची नव्हे, ती पाण्यातून बाहेर पडल्याची खूण. हाच चुरा उजेडात ठेवला की जांभळट-करडा होतो. जुन्या फोटोच्या कागदावर हाच गुण वापरत. खिडकीत ठेवलेली बाटली दुपारपर्यंत काळपट पडत होती, आणि घरात त्याचा अर्थ ‘औषध मुरलं’ असा लागत होता.

तळाशी हिरवट गाळ बसायचा. तो तांब्याचा. तोरड्या, जोडवी, वाळे सहसा शुद्ध चांदीचे नसतात. शुद्ध चांदी मऊ पडते म्हणून सोनार तांबं मिसळतो, आणि जुन्या मोडीत भेसळ किती हे कसाशिवाय कळत नाही. त्यातच सांध्यावरच्या झाळात जस्त असतं. वीज सोडली की तांबं आणि जस्त चांदीपेक्षा आधी विरघळायला तयार असतात. म्हणजे ‘चांदीच्या पाण्यात’ पहिला मान तांब्याला.

तांबूस-तपकिरी रंग भांडं स्टीलचं झाल्यावरच दिसू लागला. धन टोकाचा तुकडा भांड्याच्या काठाला टेकला की पूर्ण भांडंच धन टोक बनतं. खारट पाण्यात स्टील मग टिकत नाही. लोखंड सुटतं, त्याच्याबरोबर क्रोमियम आणि निकेलही. काठाजवळ आतून बारीक खड्डे पडले होते, बोटाच्या नखाला लागतील असे.

ऋण टोकाला काळी लव धरायची, शेवाळासारखी, हलवलं की तुटून तरंगणारी. ती परत बसलेली चांदी आणि तांबं. तिच्यावरून घरात वाद झाला होता की हीच ‘खरी चांदी’, ती ढवळून घ्यायची की गाळून टाकायची. कधी ढवळली, कधी गाळली. दर दिवसाचं पाणी वेगळं असण्याचं हे आणखी एक कारण.

अधूनमधून ब्लिचिंग पावडरसारखा वासही यायचा. मिठाच्या पाण्यात वीज जास्त सोडली आणि तुकड्यावर क्लोराइडचा थर बसला की क्लोरीन सुटायला लागतो, तो हा.

आकडे

मुलाकडे मल्टिमीटर होता. त्यानं व्होल्ट मोजले, मिलिअँपिअर मोजले नाहीत. या कामात व्होल्टला फारसा अर्थ नाही. किती धातू सुटला हे ठरतं विजेचा प्रवाह आणि वेळ यांच्या गुणाकारावर: एक मिलिअँपिअर एक तास वाहिला तर फार तर ४.०२ मिलिग्रॅम चांदी सुटते. तांबं असेल तर १.१९ मिलिग्रॅम. फॅरेडेचा नियम तो हाच, आणि त्यात पाण्याच्या रंगाला जागा नाही.

नंतर तीच मांडणी पुन्हा जोडून, मीटर मालिकेत लावून प्रवाह पाहिला. कॅनच्या नुसत्या पाण्यात २ मिलिअँपिअरच्या आसपास. मीठ टाकल्यावर ३० च्या घरात. मीठ औषध लवकर करतं असं वाटतं ते यामुळे. प्रवाह पंधरापट वाढतो खरा, पण निघतो तो नुसता चुरा.

३० मिलिअँपिअर, २० मिनिटं: १० मिलिअँपिअर-तास. तोरडीत चांदी ७० टक्के आणि तांबं ३० टक्के धरलं तर एका लिटरमध्ये फार तर १६ मिलिग्रॅम चांदी आणि ७ मिलिग्रॅम तांबं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि तांब्याची, दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची, १.५ मिलिग्रॅम आहे. चांदी मर्यादेच्या दीडशेपट, तांबं चौपटीहून जास्त.

दीडशे मिलीच्या अर्ध्या ग्लासात मग सुमारे २.४ मिलिग्रॅम चांदी जात होती. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं जन्मभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी चांदीची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.००५ मिलिग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे आठपट. मुलीचं वजन १४ किलो, तिची मर्यादा ०.०७, दोन चमच्यांत, म्हणजे १० मिलीत, ०.१६. लहान मुलाला ‘थोडंसंच’ देतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा.

टीडीएस मीटरचंही सांगून टाकू, कारण घरात शेवटी तोच आणला गेला. तो पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकानं तिला क्षाराच्या आकड्यात बदलतो. त्याला चांदी आणि मीठ यांतला फरक कळत नाही. मीटरवर ‘११०० पीपीएम’ (लिटरला ११०० मिलिग्रॅम) दिसलं आणि घरचे खूश झाले. ते जवळपास सगळं मीठ होतं. लेझरचा ठिपका सोडून किरणाची रेघ दिसते का पाहण्याची युक्तीही तशीच: रेघ कणांमुळे दिसते, पण कण चांदीचे, क्लोराइडचे की धुळीचे हे ती सांगत नाही.

शरीरात काय झालं

आईला पहिल्या आठवड्यापासून सकाळी मळमळ आणि तोंडाला धातूची चव. ती रिकाम्या पोटी आधी थायरॉइडची गोळी आणि लगेच हे पाणी घेत होती. मळमळीचं कारण तांबं: हिरवा गाळ पोटातल्या आम्लात विरघळतो आणि जठराला झोंबतो. गोळीचा प्रश्न वेगळा. चांदी काही औषधांना बांधून त्यांचं शोषण कमी करू शकते. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन गटातली प्रतिजैविकं यांत येतात. वडिलांना दुसऱ्या आठवड्यात गावातून सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालं होतं, आणि ते गिळलं जात होतं याच पाण्याबरोबर.

कातडी कुणाचीच निळी पडली नाही. घरच्यांना हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटला की हे बाधत नाही. पण सात आठवड्यांत ती पडणारही नव्हती. चांदी कातडीत हळूहळू साठते, उजेडानं काळवंडते, आणि रंग दिसायला लागेपर्यंत बहुधा महिने-वर्षं जातात. एकदा आलेला निळसर-राखाडी रंग गोळी-औषधानं जात नाही. लेझरनं काही जणांत फिका होतो, एवढंच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ साली, वर्ष २००० उजाडताना औषधं मिळेनाशी होतील या भीतीनं, घरीच चांदीचं पाणी करून प्यायला सुरुवात केली. २००२ च्या सिनेट निवडणुकीत त्यांचा निळसर चेहरा जगभर छापून आला. त्याच १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नियम काढला होता की कोलायडल सिल्व्हर असलेली, चिठ्ठीविना विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

खरं नुकसान पायाचं झालं. शुगरवाल्याच्या पायाला बधिरपणा असतो. दुखत नाही म्हणून जखम बरी होतेय असं वाटतं. मिठाच्या पाण्यात तरंगणारा सिल्व्हर क्लोराइडचा चुरा जंतू मारायला जवळजवळ निकामी, कारण काम करतात ते सुटे आयन, आणि तेच तर बांधले गेले होते. वर रोज ओली पट्टी, त्याच पायानं शेताची चक्कर, आणि साखरेकडे दुर्लक्ष. आशाताई मुलीच्या लसीकरणाची नोंद घ्यायला आल्या तेव्हा त्यांना जखमेचा वास आला. आई त्यांना म्हणाली, “ताई, लेकराले चांदीच्या वाटीतून पाजतो ना आपन, मंग हे काऊन नाई चालत?” आशाताई म्हणाल्या, “काकू, वाटी वाटीच रायते. इथं तर बॅटरी लावून चांदी पोटात ढकलून रायले तुम्ही.” रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे याहून नेमकं लिहिलेलं नसेल. वाटीतून दुधात उतरणारी चांदी नगण्य. वीज लावली की ती मिलिग्रॅमनं सुटते.

आरोग्य केंद्रात साखर ३४० भरली. तिथून अमरावती. मेलेली कातडी आणि मांस काढून टाकलं, सलाइनमधून प्रतिजैविक, इन्सुलिन, आणि पायावर भार न टाकण्याची सक्ती. पाय वाचला. फोड फुटला त्याच आठवड्यात दाखवलं असतं तर बहुधा ड्रेसिंग आणि गोळ्यांवर भागलं असतं. रुग्णालयात एका भाजलेल्या रुग्णाला चांदीचंच मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, लावलेलं थोरल्यानं पाहिलं आणि विचारलं की मग आमचं काय चुकलं. मलमात चांदीच्या संयुगाचं प्रमाण ठरलेलं, एक टक्का. ते निर्जंतुक, बाहेरून लावायचं, डॉक्टरच्या नजरेखाली आणि ठरावीक दिवस. गंजातल्या पाण्याला यातलं काहीच लागू नव्हतं.

नीट केलं तर कसं होतं

थोरल्याला हे समजून घ्यायचंच होतं, आणि ते योग्यच. प्रयोग म्हणून ही मांडणी सुंदर आहे. शाळेत विद्युत अपघटन शिकवायला याहून स्वस्त काही नाही.

तारा ९९९ च्या, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीच्या, सुमारे दोन मिलिमीटर जाड, पावतीसह घेतलेल्या. खामगाव जवळ आहे, तिथल्या पेढीवर अशी चांदी मिळते. तार ओढून देताना मध्ये झाळ नको, हे सांगून ठेवावं. भांडं बोरोसिलिकेट काचेचं, २५० मिलीचं. पाणी ऊर्ध्वपातित. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं म्हणून विकलं जाणारं पाणी काही वेळा नुसतं आरओचं निघतं, म्हणून आधी तपासायचं: वाहकता मोजणाऱ्या मीटरवर शून्य किंवा एक दिसलं तर वापरायचं. टीडीएस मीटरचा खरा उपयोग एवढाच. बोअरचं किंवा कॅनचं पाणी उकळून चालत नाही. उकळून वाफ जाते, क्षार मागेच राहतात.

तारांत अंतर तीन-चार सेंटिमीटर. १२ व्होल्टच्या स्वच्छ अडॅप्टरला १० किलो-ओहमचा रोधक (तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्या) मालिकेत लावला की प्रवाह १.२ मिलिअँपिअरच्या पुढे जाऊच शकत नाही. हा दहा पैशांचा भाग नसल्यामुळेच बहुतेक घरगुती मांडण्या बिघडतात: पाण्यात आयन वाढले की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की आयन आणखी वेगानं सुटतात, आणि शेवटी काळा चिखल. शुद्ध पाण्यात सुरुवातीला प्रवाह अगदीच कमी असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही असं वाटतं आणि हात मिठाकडे जातो. तो आवरायचा. मीटर मालिकेत ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा आणि बेरीज करायची. बेरीज ०.६२ मिलिअँपिअर-तास झाली, म्हणजे एक मिलिअँपिअरनं ३७ मिनिटं, की २५० मिलीत लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात चांदी सुटली असं धरायचं. थोडी ऋण तारेवर परत बसते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पाणी काचेच्या कांडीनं हळू ढवळत राहायचं. पंधरा-वीस मिलिग्रॅमच्या पुढे नेलं तर सिल्व्हर ऑक्साइड काळसर होऊन खाली बसायला लागतं.

पडताळा सोनाराच्या काट्यावर. अडीच मिलिग्रॅमची घट साध्या काट्याला दिसत नाही, म्हणून पाच-सहा वेळा केल्यावर धन तार वाळवून, पुसून तोलायची.

नीट केलेलं पाणी पाण्यासारखंच निवळ दिसतं, कारण त्यातली बरीचशी चांदी कणांच्या नव्हे, आयनांच्या रूपात असते. ‘कोलायडल’ हे नाव त्याला निम्मंही शोभत नाही. कण वाढले की फिकट पिवळा रंग येतो. ते निळा-जांभळा उजेड शोषतात म्हणून. तपकिरी किंवा करडं झालं म्हणजे कण मोठे होऊन चिकटायला लागले. निवळ पाण्यात मिठाचे दोन खडे टाकले की क्षणात पांढरं धुकं उठतं. हाच प्रयोगाचा सगळ्यात बोलका भाग, आणि नेमकं हेच पोटात होतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि त्यातलं क्लोराइड, असतंच. तोंडावाटे घेतलेले आयन तिथं पोचताच बहुतांश क्लोराइड होतात.

म्हणून उत्तम केलेलं १० मिलिग्रॅमचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ६० किलोच्या माणसाची दिवसाची मर्यादा त्याच्या ३० मिलीत भरते, १४ किलोच्या मुलीची सात मिलीत, आणि प्यायल्यानं एखादा आजार बरा होतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. उघड्या जखमेवर तर नाहीच, कारण भांडं कितीही घासलं तरी ते निर्जंतुक नसतं. रजतभस्म घेतात, वर्खाची मिठाई खातात, मग हे का नको, असं विचारलं जातं. भस्माची कृती निराळी, मात्रा वैद्यानं ठरवायची; आणि त्यानं या गंजातल्या तांब्याचा हिशेब बदलत नाही.

घरात आता

बॅटरी आणि चिमटे पंपाकडे परत गेले. खड्डे पडलेला गंज स्वयंपाकातून बाद केला. उरलेलं पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात ओतलं नाही, कारण चांदी पाण्यातल्या जिवांना फार कमी प्रमाणातही मारक ठरते. ते उन्हात आटवून गाळ बाटलीत बंद केला. गाळातून चांदी परत काढायचा विचार थोरल्यानं केला होता; सगळी मिळून ग्रॅमच्या आतली, खटाटोपाला न परवडणारी.

आईची थायरॉइडची तपासणी पुन्हा करायला सांगितली आहे, पाणी बंद झाल्यावर सहा आठवड्यांनी, कारण त्याआधी गोळीचा खरा परिणाम रक्तात दिसत नाही. तोवर मात्रा वाढवायची नाही. वडिलांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहायचा. डोळे अधू असतील तर घरातल्या मोठ्या कुणीतरी पाहून सांगायचं. अमरावतीच्या डॉक्टरांनी चांदीच्या पाण्याबद्दल विचारलं नव्हतं, घरच्यांनी सांगितलंही नव्हतं. पुढच्या भेटीला बाटली, रोजचं प्रमाण आणि किती आठवडे घेतलं हे लिहिलेला कागद फाइलला लावून न्यायचा आहे.